पलीकडच्या काठचा अशील

मी एक खुर्ची बोलतेय. नंदुरबारच्या बॅरिस्टर मगनलाल यांच्या कचेरीतली. टेबलाच्या पलीकडे गादीची, फिरती खुर्ची होती, ती साहेबांची. अलीकडची, वेताने विणलेली, अशिलाने बसायची, ती मी.

मला चेहरे वाचता येत नाहीत. माणूस मला कळतो तो वजनावरून. कुणी पार काठावर बसतो, जणू आत्ताच उठायचंय. कुणी पाठ टेकून सुस्कारा सोडतो. कुणाच्या तळव्यांचा घाम माझ्या हातांत मुरतो. आणि खोटं बोलणारा तोंड उघडण्याआधी एकदा जागच्या जागी हलतो. इतकी वर्षं झाली, यात माझी चूक झालेली नाही.

माझं लाकूड नवापूरच्या डोंगरातलं, सागाचं. पण झाडावरून ते थेट सुताराकडे आलं नाही. मधली कित्येक वर्षं मी एका शेताच्या बांधावर खांब म्हणून उभी होते. त्या घरातला कर्ता माणूस गेला, तेव्हा त्याच्या नावाने तो खांब कोरून पुरला होता. गेलेल्या माणसाला टेकायला जागा असावी, एवढाच त्यामागचा भाव. पुढे ते घर ख्रिस्ती झालं. खांब उपटला, पण जाळायचं धाडस कुणाला झालं नाही. घरातली म्हातारी कालीबाई तो बैलगाडीतून सुताराकडे घेऊन आली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "याचं काय करायचं ते कर. ज्याच्या नावाचा होता तो उठून गेला की नाही, ते मात्र मला माहीत नाही."

सुतार हसला. त्याला चांगलं मुरलेलं लाकूड मिळालं होतं. त्याने माझे पाय केले, हात केले, पाठ केली, आणि मला बॅरिस्टरसाहेबांच्या कचेरीत आणून ठेवलं.

साहेब विलायतेत शिकून आलेले. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. अंगात कायम काळा कोट, आणि त्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. ते मारामारीचे, चोरीचे खटले घेत नसत. मृत्युपत्रं, वारसांची भांडणं, देवळांचे आणि धर्मशाळांचे ट्रस्ट, एवढंच त्यांचं काम. धुळ्यापर्यंत त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. गावात त्यांना 'मढ्यांचा बालिष्टर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं. नवीन अशील आला की ते सांगत, "मेलेला माणूस म्हणजे त्याची सही आणि दोन साक्षीदार. त्यापलीकडे मागे काही राहत नाही."

मी ते वाक्य पुष्कळदा ऐकलं. ते म्हणताना साहेब कधी अडखळले नाहीत.

सत्तावन्न सालच्या श्रावणात रूपचंद पाटील आले. तापीच्या पलीकडच्या काठावरचे, प्रकाशा गावाच्या बाजूचे मोठे शेतकरी. कापूस, केळी, विहिरी, सगळं भरपूर. माणूस अंगाने दांडगा, पण कधीकाळी बैलाने कमरेत मारलेलं, त्यामुळे बसताना सगळा भार डावीकडे टाकायचे. माझा डावा हात करकरायचा.

त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक घडीचा कागद काढला. ते त्यांचं जुनं मृत्युपत्र होतं. पुतण्या रतिलाल लहान होता तेव्हा केलेलं. सगळी जमीन पुतण्याला, आणि बायको जसोदाबाईला फक्त खायला-ल्यायला. याच्या दोन प्रती केल्या होत्या. एक त्यांच्याजवळ, दुसरी भावाच्या घरी.

"साहेब, हाऊ कागद मी मन्हा हातनी फाडस," रूपचंद म्हणाले. "जमीन जसोदानी. रतिलालले काय देवानं ते ती देई. तिले कोनापुढे हात पसरानी पाळी येवाले नको."

आणि त्यांनी तो कागद फाडला. आडवा, मग उभा. तुकडे परत सोग्यात बांधले.

"आपल्या ताब्यातली प्रत रद्द करायच्या हेतूने तुम्ही फाडलीत, म्हणजे दुसरीतही आता जीव नाही," साहेबांनी समजावलं. "तरी नवीन करून ठेवलेलं बरं. जमिनीचे सर्व्हे नंबर घेऊन या. मी मसुदा तयार ठेवतो."

"नदीले पानी शे साहेब. पानी उतरनं का येस."

"ही कामं लांबवायची नसतात पाटील. बुधवारी दुपारी या. मी वाट पाहतो."

रूपचंदांनी सोग्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "तुमना शबद. बुधवारे येस."

उठताना त्यांनी माझ्या डाव्या हातावर जोर दिला. जिवंतपणी त्यांनी मला लावलेला तो शेवटचा हात.

बुधवारी आभाळ मोकळं होतं. साहेबांचा कारकून दलसिंग याने टेबलावर मसुदा, दौत आणि टाक मांडून ठेवला. साक्षीला दोन माणसं ओसरीवर बसवली. दुपार झाली. साहेब घड्याळाकडे बघत होते.

तेव्हा माझ्यावर कुणीतरी बसलं.

दार वाजलं नव्हतं. चप्पल काढल्याचा आवाज नव्हता. भार हळूहळू आला, घागर भरत जावी तसा, आणि डावीकडे कलला. माझा डावा हात करकरला. वेत गार पडला, मग ओला झाला, आणि त्यातून थेंब खालच्या फरशीवर पडायला लागले. गढूळ पाण्याचा, गाळाचा वास सुटला.

साहेबांनी मान वर केली. रिकाम्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं वाढत होतं.

"दलसिंग, इथे पाणी कुणी सांडलं?"

दलसिंग आला. छपराकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. मग फडकं आणलं. पुसून तो उठला, तोवर परत तेवढंच पाणी झालं होतं. संध्याकाळपर्यंत तो पुसत राहिला. साक्षीची माणसं कंटाळून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचा माणूस निरोप घेऊन आला. भर धारेत नावेला वाहतं झाड धडकलं. बाकीचे पोहून निघाले. रूपचंद पाटलांची कंबर अधू, त्यांना जमलं नाही.

"केव्हा झालं हे?" साहेबांनी विचारलं.

"बुधवारे. सूर्य माथावर व्हता. तुमनाकडेच ई ऱ्हायंता ते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दलसिंगला म्हणाले, "तो मसुदा कपाटात ठेवून दे. सही नाही त्याच्यावर." आवाज नेहमीसारखाच होता. पण त्या दिवशी माझ्यासमोरून जाताना ते भिंतीच्या बाजूने गेले.

यानंतर काही महिने मी कोरडी राहिले. लोक येत होते, बसत होते, भांडत होते. मला वाटलं, झालं गेलं संपलं.

मग रतिलाल आला. चुलतीने वारस म्हणून नाव लावायला अर्ज दिला होता, आणि रतिलालने आपल्या बापाच्या पेटीतून जुन्या मृत्युपत्राची दुसरी प्रत काढली होती. सही खरी, साक्षीदार हयात. जिल्ह्यात या कामाला एकच वकील, म्हणून तो थेट साहेबांकडे आला. रूपचंद इथे येऊन गेले होते हे त्याला माहीत होतं. त्या खोलीत काय फाडलं गेलं हे मात्र माहीत नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला. वाचून झाल्यावरही बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढे त्यांच्या दलसिंगशी झालेल्या बोलण्यावरून कळलं. अशील या खोलीत जे बोलतो ते इथेच ठेवायचं, हा वकिलाचा धर्म. आणि वकिलाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं नसतं, तो कमीपणा. रूपचंदांनी काय फाडलं हे कुणी विचारलंच नाही, तर सांगायचा प्रश्न येतो कुठे? अशा तीन-चार पायऱ्या रचून ते स्वतःच्याच मनातून खाली उतरले.

"बसा," ते रतिलालला म्हणाले.

रतिलाल बसला आणि लगेच उठला. त्याचं धोतर मागून भिजलं होतं.

"साहेब, खुर्ची वल्ली शे."

"पावसाळा नाही, काही नाही. कशी ओली असेल?"

रतिलालने हात लावून पाहिला. बोटं नाकाशी नेली. नदीकाठचा पोरगा तो, त्याला तो वास ओळखता आला. त्याचा चेहरा उतरला असणार, कारण साहेबांनी त्याला पाणी हवं का विचारलं आणि तो घाईने 'नको' म्हणाला. त्यानंतर जेव्हा जेव्हा तो आला, तेव्हा उभाच राहिला.

साहेबांनी मला अंगणात उन्हात टाकलं. वेत वाळून तडतडला. आत आणून ठेवलं, दुसऱ्या कामाचे अशील खुशाल बसून गेले. पण रूपचंद पाटलांच्या प्रकरणाच्या कागदांची दोरी सोडली की माझ्याखाली थेंब पडायला लागायचे. दलसिंगने माझ्याखाली एक परात ठेवली. त्याबद्दल दोघं एकमेकांशी बोलत नसत.

एके दिवशी सकाळी साहेब एकटे होते. कोर्टात करायच्या भाषणाचा सराव ते मोठ्याने करायचे. "मयताची शेवटची इच्छा या कागदात स्पष्ट आहे," ते म्हणाले.

माझा डावा हात करकरला.

साहेब थांबले. "मयताची शेवटची इच्छा," त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

पुन्हा करकर.

त्यांना राग आला. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाटातून तो बिनसहीचा मसुदा काढला, माझ्या बैठकीवर आपटला, त्यावर टाक ठेवला. "घ्या. आलात ना? मग करा सही. मयताची सही असलेला कागद मी कोर्टाला दाखवतो."

माझ्यावरचा भार पुढे झुकला. टाक हलला, घरंगळला, पुन्हा सावरल्यासारखा थांबला. कागदावर त्याचं टोक टेकलं, आणि टेकलं तिथे शाई पसरत गेली. अक्षर उमटेना. पाणी झिरपून झिरपून सगळ्या ओळी निळ्या पडल्या, कागद लगद्यासारखा झाला. तरी टाक उचलला जात होता आणि पुन्हा टेकवला जात होता.

साहेब भिंतीला टेकून बघत राहिले. शेवटी ते पुढे आले आणि त्यांनी टाक काढून घेतला, लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तसा, हळूच. "राहू द्या पाटील," ते म्हणाले.

तरीही त्यांनी रतिलालचं काम सोडलं नाही. माणूस भ्याला म्हणून लगेच बदलतो असं नाही.

बदल झाला तो जसोदाबाई आल्या त्या दिवशी. कुणा वकिलाच्या सांगण्यावरून नाही, आपणहून आल्या. दलसिंग त्यांना आत घेऊन आला. दारातच त्या थबकल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर कपाळावर ओढून घेतला.

"बसा बाई," साहेब म्हणाले.

"त्या बठेल शेतस," जसोदाबाई माझ्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या. "मी खाले बठस."

त्या माझ्या पायाशी फरशीवर बसल्या. बाईंनी पदराच्या टोकाने माझा ओला पाय पुसला. मग हात तिथेच ठेवून म्हणाल्या, "कितला दिन व्हयनात. अजून वल्लाच शेतस."

"तुम्हाला दिसतात ते?" साहेबांनी विचारलं. प्रश्न त्यांच्या तोंडून निसटला होता.

"दिसत नई. बठानी रीत माले म्हाईत नई का त्यास्नी? डावाकडे कलतस." त्यांनी पदराचं ओलं टोक पिळलं. "साहेब, मी जमीनसाठे नई उनू. जमीन कोनले बी जावो. तुमीच त्यास्ले बलायं. तुमना शबदवर त्या नदीमा उतरनात. आते तुमीच त्यास्ले सांगा, काम व्हई गयं, घर जा. दुसरा कोनं ऐकाव नईत त्या."

"काम झालेलं नाही बाई," साहेब म्हणाले.

"मंग करा."

एवढं बोलून त्या उठल्या. जाताना त्यांनी रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार केला.

साहेब संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रतिलालला बोलावून त्याचे कागद परत केले. म्हणाले, "मला या दाव्यात साक्षीदार म्हणून उभं राहायचं आहे. तुमच्या विरुद्ध." रतिलाल उभाच होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि कागद काखेत मारून निघून गेला.

कोर्टात मी नव्हते. पुढचं सगळं दलसिंगकडून ऐकलं. साहेब काळा कोट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. जसोदाबाईंनी वारस म्हणून परवानगी दिली होती, त्यामुळे अशिलाचं गुपित उघड करायला त्यांना आडकाठी राहिली नाही. रूपचंद पाटलांनी आपली प्रत कुठे, कशी, काय बोलून फाडली, ते त्यांनी शपथेवर सांगितलं. रतिलालच्या नव्या वकिलाने विचारलं, "इतके दिवस आपण गप्प होता. आजच का बोलताय?"

"अशील वाट पाहत होता," साहेब म्हणाले.

कोर्टात कुजबुज झाली. वकील हसला. "आपण भुताखेतांवर विश्वास ठेवता का?"

"मी शपथेवर आहे. पाटलांना कागद फाडताना मी पाहिलं, ते सांगितलं. बाकी तुम्ही विचारू नका आणि मी सांगणार नाही."

निकाल जसोदाबाईंच्या बाजूने लागला. जुनं मृत्युपत्र रद्द झालं होतं, नवं झालं नव्हतं, म्हणून नव्या वारसा कायद्याप्रमाणे, मूलबाळ नसल्याने, सगळं विधवेकडे आलं. बाईंनी रतिलालला केळीचा मळा दिला, न मागता. रूपचंद तेच म्हणाले होते, काय द्यायचं ते ती देईल.

निकालाच्या दिवशी साहेब कचेरीत आले, माझ्यासमोर उभे राहिले. "काम झालं पाटील," ते म्हणाले. "आता जा." माझ्यावरचा भार जरा सैल झाला, पण उठला नाही. साहेबांनी ते ओळखलं. नदीत बुडालेल्या माणसाला घर गाठायचं तर नदी पुन्हा ओलांडायला हवी, आणि एकट्याने तिच्यात उतरायची त्याची छाती होणार नाही. त्यांनी जसोदाबाईंना निरोप धाडला, खुर्ची घेऊन जा म्हणून.

बाई स्वतः गाडी घेऊन आल्या. साहेब आम्हाला पोचवायला नदीपर्यंत आले. माझ्यावर दोरी आवळून मला नावेत ठेवलं. पाणी उतरलेलं होतं, संथ होतं. पण मधल्या धारेत आम्ही पोचलो आणि नाव एका बाजूला बसायला लागली. नावाड्याने वल्हं रोवलं, त्याला घाम फुटला.

"बाई, खुर्चीमा काय भरेल शे?"

"मन्हा घरधनी," जसोदाबाई म्हणाल्या. "धीरे चाल."

नावाडी पुढे बोलला नाही. पलीकडचा काठ लागला, नाव वाळूवर चढली, आणि त्या क्षणी मी हलकी झाले. माझ्यातून कुणीतरी उतरलं. ओल्या वाळूवर पाऊल उमटलेलं कुणी पाहिलं नाही. बाईंनी मात्र मागे वळून वाट मोकळी सोडली, कुणाला तरी पुढे जाऊ देण्यासाठी. मग त्या मागोमाग चालल्या. अलीकडच्या काठावर साहेब अजून उभे होते, छत्री मिटून.

त्यानंतर मी जसोदाबाईंच्या ओसरीवर राहिले. कोरडी, ठणठणीत. बाई रोज पुसायच्या, पण स्वतः बसायच्या नाहीत. आल्यागेल्याकडून साहेबांची खबर कळायची. भुताच्या बोलण्यावरून वकील स्वतःच्या अशिलाविरुद्ध उठला, असं लोक म्हणायला लागले. कामं आटली. मोठे अशील धुळ्याला जायला लागले. कचेरीचं दार दिवसदिवस लोटलेलं असायचं.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. तेव्हा माझ्यावर कुणीतरी येऊन बसलं.

मी घाबरले. वाटलं, पाटील परत आले. पण हा भार डावीकडे कलला नाही. हलका होता, सुका होता, आणि काठावर बसला होता, संकोचून, पहिल्यांदा वकिलाकडे आलेल्या माणसासारखा. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला अलीकडे कसं बसावं ते माहीत नसावं.

डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

बाईंचे हात सुपात थांबले. त्यांनी पदर कपाळावर ओढला.

"साहेब शेतस का?" त्यांनी विचारलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "बठा नीट. पाठ टेकाडा. काय काम राही गयं तुमनं?"

उत्तर आलं नाही. नुसते माझे दोन्ही हात, इतक्या जुन्या सागाचे, हलके हलके थरथरत होते.

काही दिवसांनी दलसिंग आला. साहेब त्याच दुपारी कचेरीत वारले, टेबलाशी बसल्या बसल्या. जिल्ह्याची मृत्युपत्रं लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचं लिहिलं नव्हतं. पुढ्यात कोरा कागद होता आणि हातात टाक. आता भाचे भांडतायत. त्यांना काय लिहायचं होतं, कुणाच्या नावे, ते कुणालाच ठाऊक नाही. दलसिंग हे सांगत होता आणि माझ्याकडे बघत होता. माझ्याखाली परात आहे का, तेही त्याने पाहिलं. परातीची गरज नव्हती.

आज ती गोष्ट जुनी झाली. जसोदाबाई थकल्या आहेत, कमी दिसायला लागलंय. तरी दुपारी काठी टेकत येतात, माझ्या पायाशी बसतात आणि तोच प्रश्न विचारतात. त्यांना साहेबांचं काम करता येत नाही. कायदा येत नाही, साहेबांची माणसं ठाऊक नाहीत. त्या फक्त सोबत बसतात.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी कुणी बॅरिस्टर मगनलाल यांच्या कचेरीत कधी बसला असेल, त्यांनी बोलता बोलता कुणाचं नाव घेतलेलं ऐकलं असेल, एखाद्या माणसाबद्दल, एखाद्या घराबद्दल त्यांचा आवाज मऊ झालेला आठवत असेल, तर नदी ओलांडून इकडे या. आता कुणी तुम्हाला पुरात यायला सांगणार नाही, पाणी उतरलं की या. ओसरीवर या, खाली बसा आणि ते नाव घेऊन बघा. बरोबर असेल तर माझे हात थांबतील.

आणि तोवर, चालून कितीही दमला असाल, तरी माझ्यावर बसू नका. जागा भरलेली आहे.